नदीकडच्या रानाचं माप

आबा, परवा शाळेनं मला निरोप दिला. अठ्ठावन्न पुरी झाली. शाल झाली, नारळ झाला, चार जणांनी माझ्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं आणि शेवटी मला बोलायला उभं केलं. नवं काही सुचलं नाही म्हणून मी तुमचीच गोष्ट सांगितली. गेली तेहतीस वर्षं भूमितीचा पहिला धडा काढताना दर वर्षी सांगत आलो तीच. माझे वडील पंचक्रोशीत वाटण्यांची मोजणी करायचे. रानाच्या चारी बाजू दोरीनं मोजायच्या, समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज करून निम्मी करायची, दुसऱ्या दोघींचीही तशीच, आणि त्या दोन निम्म्यांचा गुणाकार म्हणजे रान. सरळ चौकोनी रानाला ही रीत ठीक, पण रान कललेलं असलं की ती जास्तीचं माप दाखवते. मी वडिलांना हे दाखवून दिलं, तरी त्यांनी ते मरेपर्यंत मानलं नाही. इथं मी खांद्यावर दोरीचं वेटोळं घेतल्यासारखं करून तुमच्यासारखा चालून दाखवतो. मुलं हसतात. परवा मोठी माणसंही हसली.

मग मी नेहमीचं सांगतो. गणितात एखादी गोष्ट खरी ठरायला एक दुपार पुरते, पण ती मान्य व्हायला पिढ्या लागतात. शून्यापेक्षा लहान आकडे असतात म्हटल्यावर मोठमोठ्या विद्वानांनी शेकडो वर्षं नाकं मुरडली. तुमची ती सरासरीची रीत ढोबळ आहे, हे आपल्याच देशातल्या जुन्या गणितींनी हजारावर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, पण ते आपल्या कयाधू नदीच्या काठापर्यंत काही पोचलं नाही. मला हे सगळं छान सांगता येतं, आवाज कुठं चढवायचा तेही ठाऊक आहे. टाळ्या पडल्या, मी खाली बसलो आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. काल सकाळपासून तीनदा खुर्ची हलवली. चहा गार झाला, परत केला, परत गार झाला. सून म्हणाली, रिटायर झालं की असं होतंच पहिले काही दिवस. मी बरं म्हणालो. हे त्यातलं नाही, हे तिला कसं सांगू?

तर नीट सांगतो. इतकी वर्षं सांगितली ती गोष्ट नको, झालं तसं सांगतो. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण मी ते एकदाही कोणाला सांगितलेलं नाही.

हिंगोलीच्या शाळेत मी मॅट्रिकला होतो. निजामाचं राज्य, सगळं शिक्षण उर्दूत. त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचं आणि क्षेत्रफळाला रकबा. रकबा हा शब्द तुमच्याही तोंडी होता, तेवढाच काय तो आपल्या दोघांच्या गणितातला सामाईक शब्द. आमचे हिसाबचे मास्तर फळ्यावर एक वाकडातिकडा चौकोन काढून म्हणाले, याचा रकबा काढायचा तर आधी कोपऱ्याला कोपरा जोडणारी रेघ मारून दोन मुसल्लस करा. नुसत्या चार बाजूंवरून रकबा सांगणारा माणूस अंदाज सांगतो. नुसत्या चार बाजूंवरून रकबा सांगणारा माणूस माझ्या घरी होता, आणि त्याच्या शब्दावर बाळापूरपासून नदीपल्याडपर्यंत भावाभावांच्या वाटण्या झालेल्या होत्या.

तुमची मोजणी मला आजही दिसते. आदल्या दिवशी तुम्ही अंबाडीची दोरी भिजवून, दोन झाडांत ताणून वाळवता. ओली दोरी आखडते, सैल दोरी झोळ खाते, आणि दोन्हीत कोणाचं तरी रान जातं, असं तुम्ही म्हणता. तेहतीस फुटांची दोरी, सरकारी साखळीला लावून घेतलेली, म्हणजे दोरी गुणिले दोरी की गुंठा. मोजणी होईपर्यंत तुम्ही कोणाच्या घरचं पाणीही घेत नाही. झाल्यावर दोन्ही भावांकडून एक-एक नारळ, बस. सरकारी मोजणीदार वर्षानुवर्षं फिरकत नसे आणि घरातल्या वाटण्या कागदावर जातच नसत. तुमचा शब्द हाच कागद. तुमच्याइतका सरळ माणूस मी पुढे पाहिला नाही. तुम्ही चुकत होता, पण लबाडी तुमच्यात कधीच नव्हती.

आत्याच्या घरची वाटणी तुम्हीच केली होती. आत्याचा नवरा धाकटा आणि त्याचा थोरला भाऊ, दोघांत आठ एकर रान. रीतीप्रमाणे थोरल्यानं दोन वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. धाकट्यानं नदीकडचा उचलला, गाळाची माती म्हणून. तुम्ही दोन्ही वाटे मोजले: दोन्हींच्या लांबीच्या बाजू सोळा-सोळा दोऱ्या, रुंदीच्या दहा-दहा. एकशे साठ गुंठे, चार एकर. फक्त थोरल्याचा वाटा सरळ होता आणि नदीकडचा प्रवाहाच्या कलानं तिरपा गेलेला होता. तुमच्या रीतीत तिरपेपणाला जागाच नव्हती.

दरसाल दसऱ्यानंतर रब्बीची पेरणी व्हायची. रान सारखं, म्हणून बीही सारखंच मोजून निघायचं, चार-चार पायल्या ज्वारी, म्हणजे सोळा-सोळा शेर. तिफणही दोघांत एकच, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. चाड्यावर मूठ आत्या धरायची, म्हणजे तिफणीमागं चालत चाड्यात मुठीतून बी सोडत जायची. दोन्ही रानांत तीच पेरायची, तिच्यासारखी सारखी पेर गावात दुसऱ्या कोणाची नव्हती. थोरल्याच्या रानात शेवटच्या तासाला, म्हणजे शेवटच्या ओळीला, बी बराबर संपायचं. स्वतःच्या रानात दीड शेर उरायचं. पहिल्या वर्षी नवरा हसला. दुसऱ्या वर्षी म्हणाला, विरळ पेरतेस. तिसऱ्या वर्षी पीकही थोरल्यापेक्षा कमीच आलं, रान कमी तर पीकही कमी येणार, आणि मग जावेनं चारचौघींत म्हटलं की मूठ चोर आहे, वाचवलेलं बी माहेरी जातं. माहेरी म्हणजे आपल्याकडे, आबा. आपल्याकडे एक दाणाही कधी आला नव्हता. पण त्या दिवाळीला आत्याला माहेरी पाठवलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला ती बाजाराच्या निमित्तानं येऊन चुलीपाशी बसली. मी शाळेतून घरी आलेलो होतो. आई भाकरी थापत होती, आत्या विस्तवाकडे बघत तुमच्याशी बोलत होती. "दादा, मूठ तीच हाय, तिफन तीच हाय. तिकडं संपतं अन् हिकडं उरून राहिलं. मला तर वाटून राहिलं, रानच कमी हाय." अक्षर न शिकलेल्या बाईनं फक्त पेरता पेरता हे हेरलं होतं, आणि मला ते उर्दू पुस्तकातून कळावं लागलं. तुम्ही तिला शांतपणे सांगितलं की रान मी मोजलंय, ते कमी नाही. भाऊ म्हणतोय म्हटल्यावर ती तरी काय बोलणार? तेव्हा मी मधे बोललो. फार तावातावानं बोललो, अठरा वर्षांचा होतो, मुसल्लस आणि रकबा तोंडावर फेकला. तुम्ही म्हणालात, "तिकडचं गनित तिकडं ठिव." आणि उठून गेलात.

माझ्या गोष्टीत तुम्ही इथंच संपता. मुलांना मी हे वाक्य तुमच्या आवाजात म्हणून दाखवतो आणि धडा सुरू करतो. पण तुम्ही तिथं संपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पडवीत बाज विणायला काढली होती. जुनी सुंभं काढून टाकलेली, नुसत्या चार दांड्या आणि चार खूर, सांधे ढिले झालेले. मी दोन कोपरे धरून बाज एका बाजूला कलवली. मग आणखी कलवली, इतकी की लांबीच्या दोन दांड्या एकमेकींना भिडायला आल्या. म्हणालो, आबा, दांड्या चारी त्याच आहेत, लांबी तीच, तुमच्या मापानं ही बाज अजून तेवढीच. आता हिच्यात लेकरू तरी निजेल का? तुम्ही स्वतःच ती सरळ केलीत, परत कलवलीत, परत सरळ. मी जिंकलो होतो आणि मला त्याचा आनंद झाला होता, हे लपवत नाही. मग तुम्ही जे म्हणालात ते मी वर्गात कधीच सांगितलं नाही. "मंग आजवर म्या केलेल्या समद्या वाटण्यांचं काय?" त्यात राग नव्हता. तुम्ही खरोखर विचारत होता. पुस्तकात तो प्रश्न दिलेलाच नव्हता.

पुढे आयुष्यभर मला वाटत राहिलं की नवं गणित माणसांना कळत नाही म्हणून ती अडून बसतात. तसं नसतं. तुम्हाला ते एका सकाळीत कळलं. अडचण पुढचीच होती. ते मानलं तर वीस-बावीस घरांतल्या भावाभावांचे बांध पुन्हा उपटायला लागणार होते, अर्धे त्यातले आधीच एकमेकांवर काठ्या उगारून शांत झालेले. पुढं शाळेत संचाचा नवा अभ्यासक्रम आला तेव्हा सगळ्यांत जास्त कुरकुर मीच केली, हा काय पोरखेळ म्हणून. मला संच कळत नव्हते असं नाही. वीस वर्षं मी जे शिकवलं ते सगळं पहिल्यापासून परत शिकवायला लागेल, याचा मला कंटाळा आला होता. तुमच्यापुढे तर माणसं उभी होती.

दोन महिने तुम्ही तो विषय काढला नाही. ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली आणि एका सकाळी तुम्ही म्हणालात, दोरी घे. आपण दोघं आत्याच्या गावी गेलो. तुम्ही आधीच निरोप धाडलेला होता: दोन्ही भाऊ होते, आत्या बांधावर उभी होती, आणि ज्यांच्या वाटण्या तुम्ही केलेल्या होत्या अशी चार-पाच म्हातारी माणसंही तुम्ही मुद्दाम बोलावली होती. काहून बोलावली असतील, याचा मी तेव्हा विचारच केला नाही. गुपचूप चूक सुधारणं तुम्हाला पटलं नसणार. तुम्ही स्वतः धसकटांतून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी टाकत गेलात, मोठ्यानं मोजत. पंधराव्या दोरीला थोडी कमी. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत मोजलंत, बावीस भरून वर. नंतर थोरल्याच्या सरळ रानात मोजलंत, तिथं दोन्हीकडून सारखंच, एकोणीसच्या अलीकडे. मग नदीकडच्या रानात मी सांगितलं तसे लंब टाकलेत. मी मनात गुणाकार केला. एकशे साठाच्या जागी एकशे चव्वेचाळीस. सोळा गुंठे कमी, दहातला एक हिस्सा. चार पायल्यांना दीड शेर बी, ते उरणारच होतं.

तुम्ही दोरी खाली ठेवलीत, पागोटं काढून घाम पुसलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "ह्यो शिकून आला हाय. माझं माप चुकलं का बराबर, ह्यो सांगल. ह्यो म्हनंल ते मी मानलं."

आबा, तुम्ही हे म्हणालात. मरेपर्यंत न मानणारे तुम्ही. माझ्यापुढे तुम्ही अंग झाडून मोकळे उभे होता, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हाताऱ्यांतला एक जण हळूच म्हणाला, "म्हंजी, आमचं बी चुकलं म्हनाचं का?" त्याच्या शेजारी त्याचा भाऊ उभा होता. दोघं वाटणीनंतर सात वर्षांनी पहिल्यांदा एका बैलगाडीत बसून आले होते. आत्याच्या थोरल्या दिराच्या दोन्ही पोरांनी भांडायच्या तयारीनं बांधावरून आत पाऊल टाकलं होतं. मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या हाताला दोरीनं वळ उठले होते. बावीस घरांतून लोक तुम्हाला शिव्या देतील, वाटेत अडवतील, असं काय काय माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि मी म्हणालो, "बराबर हाय, आबा. नदीकाठच्या रानात एवढा फरक पडतोच. रान चार एकरच हाय."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. थोरल्यानं तंबाखू काढून सगळ्यांना दिली. बांधावरून आत्या कोणाकडेही न बघता म्हणाली, "मंग माझी मूठच चोर हाय म्हना," आणि पदर डोक्यावर घेऊन गावाकडे चालू लागली. तुम्ही तिच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. परत येताना ओढ्यात पाय धुताना तुम्ही एवढंच म्हणालात की, तुझं तोंड बघून मला वाटलं तू दुसरंच सांगणार. चारचौघांत माझ्या शब्दाला बांधून घेतल्यावर तुम्हाला दुसरं काही म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती.

त्यानंतर तुम्ही दोरी हातात धरली नाहीत. मोजणीला बोलवायला आलेल्या माणसांना सांगायचात, आता माझ्याच्यानं होत न्हाई. हैदराबाद हिंदुस्थानात यायच्या आदल्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. आत्या आली, तुमच्या पायांपाशी बसून रडली, आणि दहाव्यापर्यंत राहिली. ते दहा दिवस ती आणि मी एकाच घरात होतो. रोज सकाळी मी ठरवायचो, आज सांगू. सांगायला फक्त एक वाक्य लागलं असतं. तुमचं नाव आता खराब होईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे माझं झालं असतं.

आत्याला चाड्यावरून काढलं. जवळच्या तांड्यावरची एक बाई मूठ धरायला आणली, तर तिच्याकडूनही दीड शेर उरलं. तेव्हा म्हणाले, पायली जास्त भरली असेल. एकदा मानलेली गोष्ट वाचवायला माणसं काय वाटेल तो हिशेब मांडतात, हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहायचो, पण ते कुठून आलं ते कधी सांगितलं नाही. पुढं किती तरी वर्षांनी सरकारी मोजणी आली आणि नदीकडचा गट तीन एकर चोवीस गुंठे, म्हणजे एकशे चव्वेचाळीसच गुंठे, निघाला. आत्या तोवर नव्हती. तलाठ्याकडच्या त्या आकड्याचा आणि उरलेल्या बियाचा संबंध कोणीच लावला नाही. मी लावला, घरात बसून, एकट्यानं, आणि मग शाळेत जाऊन तुमची गोष्ट आणखी रंगवून सांगितली.

परवा समारंभ संपल्यावर एक बाई पाया पडायला आली. आत्याची नात, माझ्या आतेभावाची मुलगी, माझ्याकडेच शिकलेली, आता हिंगोलीजवळच्या गोरेगावला शाळेत शिकवते. हसून हसून तिचे डोळे ओले झाले होते. म्हणाली, "काका, आबांचं लई भारी सांगितलंत. आमच्या आजीचं बी घरात असंच सांगतात, मूठ चोर होती म्हणून. मी वाढाया बसले का मला बी म्हणतात, आजीचा हात आलाय." ती हे गमतीनं सांगत होती. तिला त्यात काही लागत होतं की नाही, मला कळलं नाही. मी म्हणालो, चालायचंच, म्हाताऱ्या माणसांचं काय मनावर घ्यायचं. मग तिनं निमंत्रणाच्या पाठीमागं आपला पत्ता लिहून दिला, गोरेगावला या म्हणाली, आणि बस गाठायला गेली.

ते निमंत्रण माझ्यासमोर टेबलावर पडलंय. कालपासून तीन कागद घेतले. तिन्हीवर तिचं नाव लिहिलं, पुढं एक ओळ लिहिली आणि फाडले. हा चौथा कागद मात्र भराभर भरला. आबा, तिचा पत्ता माझ्याजवळ आहे. तुमचा नाही. म्हणूनच हे तुम्हाला लिहितो आहे.